थोडं येडं, पण कामाचं: खान्देशात स्वतःची ओळख कशी करून द्यायची

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही जा, पहिला प्रश्न "काय करता" हा नसतोच. पहिला असतो "कुठले तुम्ही?" आणि त्याच्या पाठोपाठ "कोणाकडचे?". आता चित्रं काढणारं, गाणी रचणारं एखादं पोरगं घरून "मी आर्टिस्ट आहे" हे वाक्य पाठ करून आलेलं असतं, आणि समोरचे काका त्याचा तालुका विचारत बसलेत. तिथेच गाडी घसरते. मग एकतर पोरगं गप्प होतं, नाहीतर एकदम सगळंच सांगायला लागतं, मला रात्री झोप येत नाही, मला गर्दी आवडत नाही, मी वेगळाच आहे, आणि काका आपले चहाकडे बघतात.

तर ज्यांनी नुकतंच काहीतरी करायला घेतलंय आणि ज्यांच्या आवडीनिवडी घरच्यांना येडपट वाटतात त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी स्वतः अक्षरं काढते, दुकानांच्या पाट्या, पत्रिका, गाड्यांवरची नावं असलं काम, आणि नवीन पोरापोरींना लोकांसमोर उभं राहताना बऱ्याचदा बघते म्हणून सांगतेय. क्रमाने सांगते पण प्रत्येक पायरी सारखीच महत्त्वाची आहे असं काही नाही, दुसरी आणि तिसरी नीट वाचा, बाकीचं जमेल तसं.

पहिलं: गाव सांगून मोकळं व्हा

याला वैतागू नका. आपल्याकडे पाटील, चौधरी, महाजन इतके आहेत की नुसत्या आडनावावरून काहीच कळत नाही, म्हणून गाव लागतंच. "मी शिरपूरची, आता जळगावला असते" एवढं बास. समोरचा लगेच शिरपूरचा कोणीतरी ओळखीचा माणूस काढणार, त्याचा भाचा आपल्या शाळेत होता का वगैरे, काढू द्या. दोन मिनिटं जातात पण त्यानंतर तुम्ही परके राहत नाही, आणि परका नसलेल्या माणसाचं खूळ इथे लोक आरामात चालवून घेतात.

कधीकधी त्या "कोणाकडचे"मध्ये जात विचारलेली असते, ते कळतं आपल्याला. मी तिथे गावावरच थांबते आणि सरळ कामावर येते, "शिरपूरची, पाट्या रंगवते". बहुतेक लोक मग पाट्यांबद्दलच बोलतात. नाहीच बोलले तर त्यांच्याशी ओळख वाढवायची घाई मला तरी नसते.

बाहेरून आलेले असाल, म्हणजे विद्यापीठात शिकायला किंवा नोकरीला, तर ते पण सरळ सांगा, "मूळची नागपूरची, इथे एम.ए.ला आले". फक्त एक करा, रील बघून शिकलेली अहिराणी पहिल्याच भेटीत फेकू नका. धुळे-अमळनेरकडची अहिराणी वेगळी आणि यावल-रावेरकडची लेवा गणबोली वेगळी, दोन्हीची खिचडी केली की लोक हसतात, आणि ते हसणं प्रेमाचंच असलं तरी तुमचं पुढचं वाक्य त्यात वाहून जातं. "राम राम" म्हणा, बाकी ऐका.

दुसरं: वस्तू सांगा, विशेषण नको

"मी खूप क्रिएटिव्ह आहे." "मला काहीतरी हटके करायला आवडतं." ही वाक्यं ऐकून समोरच्याने करायचं काय? त्याला पुढे विचारायला काहीच मिळत नाही. त्याऐवजी काय बनवता, कशापासून बनवता, ते कुठे दिसतं किंवा कोणाच्या उपयोगाला येतं, एवढं सांगा. मी नवीन लोकांकडून हे एका वाक्यात लिहूनच घेते आणि त्यात "कला" हा शब्द वापरायला बंदी असते, कारण तो शब्द काढला की माणसाला झक मारून वस्तूवर यावं लागतं.

भुसावळचा एक मुलगा आहे, तो आधी म्हणायचा मी साउंड आर्टिस्ट आहे. आता म्हणतो, "मी स्टेशनवरचे आवाज रेकॉर्ड करतो, इंजिनाचा हॉर्न, चहावाल्याची हाळी, ट्रॉलीच्या चाकांची कुरकुर, आणि त्यातून गाणं बांधतो." भुसावळमध्ये प्रत्येक तिसऱ्या घरात कोणी ना कोणी रेल्वेत असतं, मग ऐकणारा लगेच विचारतो की कोणत्या इंजिनाचा हॉर्न, आणि मग स्वतःच तोंडाने वाजवून दाखवतो. झाली ओळख.

दुसरा नंदुरबारकडचा, मिरचीच्या पथारींचे फोटो काढतो. मोकळ्या रानात लाल मिरची वाळत घातलेली असते, नजर जाईल तिथपर्यंत लाल, आणि हा त्यात कॅमेरा घेऊन उभा. त्याची ओळख मला सगळ्यात आवडते, "मी मिरचीच्या पथारीचे फोटो काढतो, त्यामुळे खोकत असतो, आजारी नाहीये." एका दमात काम पण कळलं, सवय पण कळली आणि शेजारी बसणाऱ्याची भीती पण गेली.

आणि "कवी" म्हणून मिरवायची फारच घाई झालेल्यांसाठी एक आठवण. आसोद्याच्या बहिणाबाई शेतात आणि घरात काम करता करता ओव्या रचत होत्या, स्वतः लिहीत नव्हत्या, मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी ते कागदावर उतरवलं म्हणून टिकलं. त्या १९५१ ला गेल्या आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने कविता छापून आल्या १९५२ ला. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्यांच्यासारखं गप्प राहा असं म्हणत नाहीये मी, उलट तुम्ही बोलाच, फक्त बिरुद आधी आणि काम नंतर असा उलटा हिशोब नको.

तिसरं: खुळांची यादी करा, मग ती खोडा

इथे खरी मेहनत आहे. एका कागदावर तुमच्या सगळ्या तऱ्हा लिहून काढा, लाजू नका, कोणी बघणार नाहीये. उदाहरण म्हणून माझीच यादी देते:

शेवभाजीचा रस्सा वाटीत घेऊन नुसता पिते, शेव बाजूला ठेवून. एसटीत बसले की बाहेरच्या पाट्या मोठ्याने वाचते. पिवळ्या रंगावर काळी अक्षरं दिसली की चिडते. दुपारी झोपते आणि पहाटे पाचला कामाला लागते. कामाच्या वेळी पायात चप्पल चालत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागची अक्षरं जमवते, आणि त्यातही फक्त ळ.

आता प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारायचे. ही तऱ्हा समोरच्याला तशीही दिसणार आहे का? तिचा त्याला त्रास होणार आहे का? आणि ती ऐकून त्याला काही विचारावंसं वाटेल का? तिन्हीला "नाही" असेल तर ओळ खोडा, ती तुमच्यापुरती ठेवा. माझा रस्सा तिथेच कटतो, गंमत आहे पण तिच्यातून पुढे काहीच निघत नाही. पिवळ्या-काळ्याची चीड पण कटते, कारण ऐकणाऱ्याच्याच दुकानावर तसली पाटी असायची दाट शक्यता. पाट्या मोठ्याने वाचणं मात्र प्रवासात सोबत असणाऱ्याला आधी सांगावंच लागतं.

दुपारची झोप सांगते, पण कारणासकट. "मी दुपारी फोन उचलत नाही" एवढंच म्हटलं तर माणूस म्हणतो काय माज आहे पोरीला. पण मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, पत्रा एवढा तापतो की ऑइल पेंट त्याच्यावर सरकतच नाही, ब्रश मध्येच ओढ खातो आणि अक्षराची कड फाटते, टर्पेंटाइन घातलं तर ते पण उडून जातं आणि डब्यावर साय धरते. म्हणून पहाटे काम, दुपारी झोप. हे सांगितलं की शेतकरी माणूस तर लगेच मान हलवतो, त्याचं पण वेळापत्रक उन्हावरच चालतं. जलरंगवाल्यांना पण हाच त्रास, रंग कागदाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे नेईपर्यंत पहिली कड वाळून डाग उठतो, तर ते कागदाखाली ओलं फडकं ठेवतात किंवा सरळ पहाटे उठतात. कारण असलेली तऱ्हा लोकांना तऱ्हा वाटतच नाही, शिस्त वाटते.

आणि कारणच नसेल तर? तर "कारण काही नाही, असंच" म्हणा आणि हसा. उगाच खोटं तत्त्वज्ञान लावू नका. पाऊस पडल्याशिवाय मला सुचत नाही म्हणणारे भेटतात, खान्देशात राहून हे म्हणणं म्हणजे काम न करायचा परवानाच आहे, असो.

राहता राहिला ळ. हा मी नेहमी सांगते कारण प्रश्न हमखास येतो. जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, ळ ची आपल्याकडे काही कमी नाही, आणि प्रत्येक पेंटर तो वेगळा काढतो. कोणी दोन गोल शेजारी शेजारी ठेवून मधून दांडी सोडतो, कोणी एका झटक्यात आडवा आठ काढतो आणि डावीकडचं पोट मोठं ठेवतो, आणि पारोळ्याच्या बाजूला एका ट्रॉलीवर मी असा ळ बघितलाय की त्याच्या दोन्ही गोलात पेंटरने एकेक फूल काढलेलं. हे सांगताना मी वही काढतेच, त्यावर पुढे येते.

तर यादीतून एक निवडा. फार तर दोन. एकच विचित्र गोष्ट सांगितली की माणूस लक्षात राहतो, सात सांगितल्या की लोक घरी जाऊन म्हणतात डोक्यावर परिणाम झालेला दिसतोय.

चौथं: खूळ कामाच्या पुढे जाऊ देऊ नका

चाळीसगावचे केकी मूस (१९१२ ते १९८९) हे आपल्याकडच्या कलंदर माणसाचं सगळ्यात मोठं उदाहरण. स्टेशनजवळच्या घरात त्यांनी आयुष्याची कित्येक वर्षं स्वतःला जवळजवळ कोंडून घेऊन काम केलं. आता कोणालाही विचारा, केकी मूस म्हटलं की बंद दरवाजा, रेल्वेगाडी आणि वाट बघण्याची प्रेमकहाणी एवढंच सांगतील, आणि ती गोष्ट प्रत्येक जण थोडी वाढवूनच सांगतो. पण त्या बंद घरात काय होत होतं? टेबलटॉप फोटोग्राफी. टेबलावर लहान लहान वस्तू मांडायच्या, उजेड असा पाडायचा की बघणाऱ्याला तो खराखुरा देखावा वाटावा, आणि मग फोटो. त्याशिवाय चित्रं, शिल्पं, कागदाच्या घड्यांच्या वस्तू. घर आज कलादालन म्हणून बघता येतं, चाळीसगावला उतरलात तर जाऊनच या.

एवढ्या मोठ्या माणसाच्या बाबतीत लोक दरवाजा लक्षात ठेवतात आणि टेबल विसरतात, तर तुमचं आमचं काय. म्हणून क्रम ठरलेला, आधी काम, मग तऱ्हा, आणि तऱ्हेतून परत कामावर यायचं. "मी ट्रॉलीवरची अक्षरं जमवते, त्यातूनच परवाच्या त्या मेडिकलच्या पाटीचा ळ काढला." असं.

(आणि कृपा करून "आमच्या केकी मूससारखाच आहे मी" असं स्वतःबद्दल म्हणू नका. दुसऱ्याने म्हटलं तर गालात हसा.)

पाचवं: समोर कोण आहे

सगळ्यात अवघड म्हणजे लग्नातले नातेवाईक. वरण-बट्टीच्या पंगतीत शेजारी बसलेले मामा, ज्यांना पंधरा वर्षांनी भेटतोय. त्यांचा खरा प्रश्न एकच असतो, पोट भरतं का. तो अपमान नाहीये, काळजी आहे, म्हणून पैशाचं उत्तर तयार ठेवा आणि न लाजता द्या. आमच्याकडे साधारण असं होतं:

"काय करस वं तू आते?"

"पाट्या रंगाडस मामा, दुकानन्या."

"पैसा भेटस का त्यामा?"

"भेटस ना, लग्नसराईमा जास्ती."

"मंग ठीक से. मना पोऱ्यानी दुकाननी पाटी रंगाडी दे मंग."

बघा, तऱ्हा सांगायची वेळच आली नाही, आणि यायला पण नको. मामांना ळ दाखवायचा तो पाटी रंगवून झाल्यावर. फक्त "रंगाडी दे" म्हणजे फुकट असं मामा धरून चालतात, तर तिथेच हसत हसत "मामा, पत्रा नि रंग तुमना" म्हणून टाका, नंतर बोलणं जड जातं.

आत्या-काकूंचा प्रश्न वेगळा असतो, मुलींना तर हमखास, "रात्री जागतेस, सासरी कसं चालेल". यावर माझ्याकडे उत्तर नाही, मी बट्टी पुढे करते.

घरमालक आणि रूमवरचे लोक यांना मात्र सगळ्यात आधी त्रासदायक तऱ्हा सांगा, म्हणजे टर्पेंटाइनचा वास, पहाटेची खुडबूड, ढोलकीचा सराव, भिंतीला टाचण्या. इथे मोहक व्हायचं नाही, वेळ सांगायची. "सहा ते आठ वाजवतो, रविवारी नाही." गिऱ्हाइकाला तऱ्हा शून्य सांगा, नमुना दाखवा, तारीख सांगा. आणि आपल्यासारखेच लोक भेटले तर बोलूच नका, आधी त्यांचं काम बघा, ते आपोआप विचारतात.

सहावं: खिशात एक वस्तू

मोबाईलमध्ये फोटो असतात हे मला माहितीये. पण फोन दिला की माणूस बोट सरकवत सरकवत तुमच्या मावशीच्या बारशापर्यंत जातो, वर उन्हात स्क्रीन दिसत नाही. हातात धरायची वस्तू ठेवा. मी तळहाताएवढी वही ठेवते, जाड पुठ्ठ्याची, आत डाव्या पानावर ट्रॉलीवरून पेन्सिलने उतरवलेला ळ आणि उजव्या पानावर गाव आणि ट्रॉलीवर आणखी काय लिहिलं होतं ते. लोक पानं उलटतात आणि स्वतःच्या गावचं पान शोधतात. नसेल सापडलं तर "आमच्याकडच्या एका ट्रॉलीवर बघा काय भारी आहे" म्हणून पत्ता देतात, माझा अर्धा संग्रह असाच वाढलाय.

तुमचं काम गाण्याचं असेल तर अर्ध्या मिनिटाचा तुकडा तयार ठेवा, तोंडपाठ, साथीशिवाय म्हणता येईल असा. खाण्याचं असेल तर डबा, विषयच संपला, कळण्याची भाकरी वेगळ्या पद्धतीने करत असाल तर तोंडाने सांगत बसू नका. मातीकाम करणाऱ्यांनी फुटणारी वस्तू आणू नये, एसटीने येणार आहात.

शेवटचं: निवेदकाच्या हातातली चिठ्ठी

कधीतरी तुम्हाला स्टेजवर बोलावतीलच. कॉलेजचं स्नेहसंमेलन, वाचनालयाचा कार्यक्रम, गणपतीतलं कविसंमेलन. अमळनेरला २०२४ च्या फेब्रुवारीत ९७ वं अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं तेव्हापासून तर आपल्याकडे छोट्या छोट्या गावातल्या पोरांना पण वाटायला लागलंय की आपण पण बोलावं, चांगलंच आहे. पण स्टेजवर तुमची ओळख तुम्ही नाही, निवेदक करून देतो, आणि त्याला काही दिलं नाही तर तो "ज्यांच्या कुंचल्यातून साक्षात सरस्वती" वरून सुरुवात करतो आणि मग खाली उतरता येत नाही.

म्हणून चिठ्ठी. अर्धा कागद, मोठ्या अक्षरात, तीन ओळी. पहिल्या ओळीत नाव आणि गाव, दुसऱ्या ओळीत काय बनवता, तिसऱ्या ओळीत एक तऱ्हा, आणि तीही अशी जी माईकवर दुसऱ्याच्या तोंडून बरी वाटेल. पल्लेदार वाक्य लिहू नका, तो अडखळतो. नाव अवघड असेल तर तोडून लिहा. कार्यक्रमाच्या आधी चहाच्या वेळीच हातात द्या आणि त्याच्याकडून एकदा वाचून घ्या, लाजायचं नाही. आणि चिठ्ठीवर मोबाईल नंबर लिहू नका, तो पण माईकवर वाचतात.